डावरी घडी

दलालाच्या मालातली पुडी उघडताना तिचा हात थांबला.

बाहेरचा जाड कागद नेहमीसारखाच होता. त्यावर खाणीचं नाव, शिक्का, वजन, सगळं जिथल्या तिथे. पण आतल्या पातळ कागदाची घडी उलटी होती. जगात सगळे जण हिऱ्यांची पुडी एकाच रीतीने बांधतात: उजवी बाजू डाव्यावर, खालची वर, आणि वरची जीभ आत खोचायची. इथे डावी बाजू उजव्यावर आली होती. आणि खालचा एक कोपरा आत दुमडून त्यावर नख ओढलं होतं, बारीक कणी तिथून निसटू नये म्हणून.

कच्चे हिरे निवडणाऱ्या या कारखान्यात अशी घडी घालणारा एकच माणूस होऊन गेला होता. ‘होऊन गेला’ असं मनात आलं आणि तिने जीभ चावली. मनातल्या मनातच, पण चावली.

तो तिचा नवरा. याच लांब टेबलाला, तिच्या समोरच्या खुर्चीवर बसायचा. डाव्या हातात चिमटा धरायचा म्हणून अख्खा कारखाना त्याला डावऱ्या म्हणायचा, आणि लग्नात आहेराच्या पाकिटावरही कुणीतरी तेच लिहिलं होतं. त्याची ती दुमडलेल्या कोपऱ्याची घडी बघून टेबलावरच्या सगळ्यांत जुन्या मावशी म्हणायच्या, अरे, हिरे बांधतोयस का बाळाला लंगोट? पुढे बाळ झालं, तेव्हा त्याने दवाखान्यात खरोखरच तश्शी घडी घालून बबडीला लंगोट बांधला. तो गळला नाही. मग आठवडाभर तो आपल्या आईला ऐकवत होता, की तुम्ही बायका इतकी वर्षं उगाच अंथरुणं वाळत घालत बसलात.

बबडीने मान धरायच्या आधीच तो खाणीवर गेला होता.

जायचं कारण चांगलं होतं, म्हणून तर तिला अडवता आलं नाही. दागिने घेणारी माणसं आता विचारायला लागली होती, हा हिरा कुठला, कुणाच्या हातांनी काढला, त्या हातांना नीट मजुरी मिळाली का. ज्या मोठ्या कंपनीला कारखाना माल देत होता, तिला या प्रश्नांची उत्तरं हवी होती. मालकांनी डोकं चालवलं. नुसते कागद काय, कुणीही लिहील. आपलाच माणूस नदीकाठच्या खाणीवर ठेवला तर? खडा पाण्यातून वर आल्यापासून पुडीत बांधला जाईपर्यंत त्याच्या नजरेखाली राहील. मग कुणाची टाप आहे शंका घ्यायची? आणि डोळे झाकून विश्वास टाकावा असा माणूस मालकांकडे एकच होता.

तिने नाक मुरडलं होतं. तो म्हणाला, तू रोज तासन्‌तास ज्या खड्यांकडे बघतेस ना, ते कुठून येतात ते एकदा मी बघून येतो, मग म्हातारपणी सांगत बसेन.

मग बंदुकवाल्या लोकांनी खाण बळकावली. मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून, पाण्याचा पेला पुढे करून सांगितलं, की रस्ता बंद आहे, खाण बंद आहे, माणसं पांगली असतील, निरोप येईल. कंपनीच्या नियमाप्रमाणे त्या खाणीचा माल त्याच दिवसापासून बंद झाला. दुसरा दलाल आला. त्याचा माल भलत्याच मुलखातल्या, यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या खाणीचा होता, कागदपत्रं चोख. टेबलावर पुन्हा खडे पडू लागले. निरोप काही आला नाही.

आणि आता ही घडी.

तिने खडे ताटात ओतले, कागद हातातच ठेवला. शेजारी बसलेल्या मावशींच्या मांडीवर तो हळूच सरकवला. मावशींनी भिंग डोळ्यावरून खाली घेतलं, कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“जुना कागद असेल,” त्या म्हणाल्या.

पण जुना नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं. नखाची रेघ कोवळी होती. खड्यांच्या अंगावरची ती हिरवट साय तर दोघी ओळखून होत्या. ती नदीकाठच्या मालालाच असते. वरचं नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. आतला कागद मात्र कुणी बदलत नाही, कारण साखरेएवढे खडे एका कागदातून दुसऱ्यात ओतायचे म्हणजे दोन-चार उडणार, दोन-चार चिकटणार. दलालाच्या जिवावर येतं ते. आणि घडीकडे बघतंय कोण?

“वरचा सदरा बदलला आणि आतला बनियन तोच ठेवला मेल्याने,” मावशी पुटपुटल्या, आणि हसू येण्याआधीच त्यांचे डोळे भरले.

खाण बंद नव्हती, याचा तो पुरावा होता. कुणीतरी अजून नदीत उभं राहून गाळ उपसत होतं. आणि तिचा नवरा बंदुकीच्या पहाऱ्यात बसून त्यांच्यासाठी पुड्या बांधत होता.

घरी बबडीला भरवता भरवता तिने सासूबाईंना सांगितलं. सासूबाई भांडी पुसत होत्या. त्यांचा हात एका वाटीवरच गोल गोल फिरत राहिला.

“म्हणजे आहे,” त्या म्हणाल्या.

“आहे.”

मग त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. आधी त्यांनी कागद मागून घेतला, उजेडात धरला, नाकाला लावला. नंतर मात्र सुनेचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. म्हणाल्या, हे तू कुणाजवळ बोलायचं नाहीस. मालकाजवळ नाही, पोलिसात नाही, माझ्या लेकीजवळसुद्धा नाही. माल थांबला तर त्या लोकांना पुड्या बांधणारा कशाला हवा? फुकट खायला कोण घालतं? जोवर पुड्या येतायत तोवर माझा मुलगा आहे. समजतंय का तुला, शिकलेली आहेस म्हणून विचारते.

समजत होतं. म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं.

दलालाचा माल उघडायचं काम तिने गोड बोलून स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी सुटताना दारावरची बाई सगळ्यांचे केस, नखं, शिवणी तपासायची. मागच्या पाळणाखोलीतून बबडीला घेतलं की तिचा लंगोटही चाचपायची. पण रिकाम्या कागदाला कोण हात लावतं? एकेक कागद घरी येत गेला. सासूबाई तो तळहाताने सरळ करून गादीखाली ठेवत, आणि त्यावरच झोपत.

कामावर ती भिंगातून बघायची, चिमट्याने खडे वेगळे करायची: स्वच्छ इकडे, डागाळलेले तिकडे, तडा गेलेले पलीकडे. स्वच्छ म्हटलेला खडा पुढे पैलू पडून कुणाच्या तरी बोटात जाणार, सोबत एक देखणं कार्ड, की हा हिरा कुणाच्याही अश्रूंशिवाय तुमच्यापर्यंत आला आहे. त्या कार्डाचा मसुदा कारखान्याच्या भिंतीवर फ्रेममध्ये होता. आधी तिला त्याचा अभिमान वाटायचा. आता ती पाठ करून बसायची त्याच्याकडे. खाणीवर एकटा तिचाच नवरा नसणार. पाण्यात उभी असलेली माणसं कुणाची तरी होतीच. ती गप्प राहून एकेक पुडी पुढे ढकलत होती, म्हणजे त्या सगळ्यांच्या गळ्यातला दोर स्वतःच्या हाताने ओढत होती. आणि बोलली तर? तर एकाचा दोर कापला जाणार होता की गळा, हेच कळत नव्हतं. पाळणाखोलीतून रडण्याचा आवाज आला की तिला बरं वाटायचं. निदान त्या रडण्याचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं.

मग घड्या बिघडायला लागल्या.

आधी नखाची रेघ पुसट झाली. मग कोपरा वाकडा दुमडलेला यायला लागला, एकदा चुकून पुन्हा दुमडलेला. एका कागदावर तपकिरी बोट उमटलं होतं. माती की काय, ते तिने जिभेला लावून बघायचं धाडस केलं नाही. बबडीचं अंग किती तापलंय, छातीत घरघर आहे का, शी हिरवी झाली का, हे बघायची जी सवय आईपणाने लावली होती, तीच नजर ती त्या कागदांवर चालवायची. हात थरथरतोय. ताप असेल. किंवा बोटाला लागलंय, डाव्याच. सासूबाई म्हणायच्या, घाईत असेल गं, काम वाढलं असेल. पण त्याही आता कागद लवकर गादीखाली सारायच्या, बघत बसायच्या नाहीत.

एक दिवस पुडीत कोपरा दुमडलेलाच नव्हता. घडी डावरी होती, पण सैल, आणि बारीक कणी कोपऱ्यातून गळून बाहेरच्या कागदात पडली होती. त्याने बांधलेली पुडी कधी गळत नसे.

त्याच आठवड्यात कंपनीच्या तपासणीसबाई आल्या.

त्या दरवर्षी यायच्या. मऊ आवाजाच्या, साध्या कपड्यातल्या, आपली पाण्याची बाटली आपण आणणाऱ्या. कारखाना झाडूनपुसून लख्ख केला जायचा. मावशी म्हणायच्या, मुलगी बघायला येतायत असं वाटतं, फक्त मुलगी कोण ते कळत नाही. पाळणाखोलीत बाईंनी बबडीला कडेवर घेतलं, फोनमध्ये स्वतःच्या मुलाचा फोटो दाखवला. दात कधी आले, रात्री झोपते का, असं सगळं विचारलं. तिला वाटलं, ही बाई ऐकेल. हिच्या मागे एवढी मोठी कंपनी आहे. हिने एक फोन केला तर कुठल्या तरी मोठ्या खुर्चीतला माणूस हलेल. रात्रभर तिने हेच घोळवलं होतं: गप्प राहून तो जगत नाहीये, हळूहळू मरतोय. सासूबाईंना तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि मग तिला गप्प राहावं लागलं असतं.

बाईंनी टेबलाजवळ एकेकीला ठरलेला प्रश्न विचारला, या मालाबद्दल कधी काही शंका आली का. एकेकीने मान हलवली. तिची पाळी आली.

तिने उठून नवा कोरा कागद घेतला, डाव्या हाताने डावरी घडी घातली, कोपरा दुमडला, नख ओढलं. शेजारी, सकाळी सासूबाईंची नजर चुकवून गादीखालून काढून आणलेला, दलालाच्या पुडीतला कागद ठेवला. मग आणखी एक. मग तो शेवटचा, सैल. कुठला कागद कधीचा, कोण अशी घडी घालतं, त्याला इथून कुणी आणि कशासाठी पाठवलं होतं, सगळं एका दमात सांगितलं. दारात उभे असलेले मालक भिंतीला टेकले. टेबलावरचा एकही चिमटा हलत नव्हता.

तपासणीसबाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. खडे भिंगाखाली घेऊन ती हिरवट साय बघितली. चेहरा उतरला त्यांचा, तो खोटा नव्हता.

“आम्ही आजपासून हा माल थांबवतो,” त्या म्हणाल्या.

“माल थांबवा असं मी म्हटलंच नाही,” ती म्हणाली. “मी माणसाबद्दल बोलतेय. तो तिथे आहे, आजारी आहे. त्याला बाहेर काढा.”

“माझ्या हातात मालच आहे, ताई. माणसांसाठी वेगळी खाती असतात. मी त्यांना कळवीन, नक्की कळवीन.”

“माल थांबला तर ते त्याला ठेवतील कशाला?”

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं, की तुम्ही फार धैर्याचं काम केलंत. तिने हात काढून घेतला.

दुपारीच दलालाला त्याची बॅग परत मिळाली. बबडीला खांद्यावर टाकून ती जिना उतरत त्याच्यामागे धावली. रस्त्यावर त्याला गाठलं, बाही धरली. पुड्या तुम्हाला देणाऱ्याला एवढंच सांगा, की त्याला औषध द्या. दुसरं काही नको. दलाल तिला झटकून टाकेल असं तिला वाटलं होतं, पण तो थांबला. घामेजलेला, जाडसर, घरी गोळ्या वेळेवर घ्यायला लावतात असा कुणाचा तरी बाप दिसत होता.

“बाई, मी खाण बघितलेली नाही. मला देणाऱ्यानेही नसेल बघितली. मला विचारताय म्हणजे नळाला विचारताय, पाऊस कुठे पडला.” मग बबडीच्या गालाला बोट लावून तो निघून गेला.

मालकांनी केबिनचं दार लावून घेतलं होतं. तिने ते उघडलं. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, मीच पाठवलं त्याला, हे मला कुणी सांगायला नको. सगळीकडे फोन केले, सगळे म्हणतात थांबा. कंपनी मात्र खूश आहे, आपल्या कारखान्याचं उदाहरण सगळ्यांना देणार आहेत. हे शेवटचं त्यांच्या तोंडून सुटलं आणि ते खजील झाले.

“एक पुडी घ्या दलालाकडून,” ती म्हणाली. “महिन्यातून एकच. विकू नका. नाल्यात फेकून द्या हवी तर. मला फक्त कागद बघू द्या.”

मालकांनी मान खाली घातली. हा माल पुन्हा घेणार नाही, अशी कंपनीला सही करून दिली होती त्यांनी.

घरी सासूबाई भांडल्या असत्या तर सोसलं असतं. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बबडीला मांडीवर घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. जेवायला वाढलं, सुनेच्या पानात नेहमीपेक्षा थोडं जास्तच. आणि रात्री गादीवर न झोपता खाली फरशीवर आडव्या झाल्या.

दिवस गेले. टेबलावर आता दुसऱ्या खाणीचा माल येत होता, खराखुरा, सगळ्या घड्या उजव्या. तपासणीसबाईंचा एक फोन आला, की संबंधित खात्याला कळवलं आहे. तिने उलट फोन केला तेव्हा त्यांच्या जागी दुसरंच कुणी होतं, आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. ती खडे बघायची आणि तिला खडे दिसायचे नाहीत. मालकांनी दोनदा तिने चुकीचे निवडलेले खडे गुपचूप सरळ करून घेतले.

मग मावशींनी ते तिच्या कानावर घातलं. घालावं की नाही याचा बराच विचार केला असणार, कारण सकाळपासून त्या तिची नजर टाळत होत्या. मागच्या गल्लीत, छापखान्याच्या वर, एक खोली आहे. तिथेही खडे निवडतात. कुठून आले असं कुणी विचारत नाही. दलालाला त्यांनी त्या जिन्यावर चढताना बघितलं, बॅग घेऊन. “तुला सांगायला नको होतं,” मावशी म्हणाल्या, “पण नसतं सांगितलं तर मला घास गिळवला नसता.”

म्हणजे माल थांबला नव्हता. गल्ली बदलून मागच्या दाराने येत होता. तिने बोलून काय मिळवलं, तर तिला स्वतःला तो दिसेनासा झाला, एवढंच.

ती जेवणाच्या सुट्टीतच निघाली, बबडीला घेऊन. छापखान्याचा जिना अरुंद होता, भिंतींना शाईचा वास. वर दिवसाढवळ्या दिवे लावलेली, खिडक्यांच्या झडपा बंद असलेली खोली. बायका खाली मान घालून बसल्या होत्या; कुणीही वर बघितलं नाही. मालकीणबाई दाराशीच खुर्ची टाकून होत्या, चष्मा दोरीने गळ्यात, सुपारी कातरावी तशी हातातल्या चिमट्याची उघडझाप करत.

कुठे काम केलंस ते त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. मालकीणबाईंच्या भुवया वर गेल्या. तिथल्या निवडणाऱ्या बायका त्यांना परवडत नसत.

“ते सोडून इथे? तिकडे म्हणे हल्ली फार तत्त्वाचे लोक झालेत. कुणी एक बाई तपासणीवाल्यांसमोर बोलली म्हणे.”

“म्हणे,” ती म्हणाली.

“आमच्याकडे विचारणारी माणसं चालत नाहीत. खडा चांगला का वाईट, एवढंच बघायचं. तो कुठला, कुणाचा, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. जमेल?”

“मला काही विचारायचं नाही.”

मालकीणबाईंनी तिला एका टेबलाशी नेलं, परीक्षा घ्यायला. पण टेबलावर पुडी नव्हती. खड्यांची उघडी रास होती, पांढऱ्या ताटात ओतलेली. तिने इकडे-तिकडे बघितलं. प्रत्येकीसमोर नुसती रासच. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की पुड्या कोण उघडतं. मीच, मालकीणबाई म्हणाल्या, आतल्या खोलीत, दार लावून. कुठल्याही खाणीचा असो, सगळा माल आधी एकत्र करते. कागद टोपलीत, आणि टोपली संध्याकाळी जाळायला. ठेवायचंच नाही काही, म्हणजे कटकट नाही.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दाराशी कुंचा टेकवलेला होता, आणि त्याच्या मागे वेताची टोपली, गच्च भरलेली. सगळ्यांत वरच्या कागदाची घडी अर्धी उलगडलेली होती. कुठली बाजू कशावर आहे ते इतक्या लांबून कळत नव्हतं. बबडी कडेवरून त्या दिशेला झुकली, कागदाचा आवाज आवडायचा तिला.

“बसतेस ना?” मालकीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “भिंग आहे का तुझं?”

भिंग तिच्या पिशवीत होतं, नवऱ्याने लग्नानंतर घेऊन दिलेलं. तिने ते काढलं नाही. खुर्चीवरही बसली नाही.

“निवडायचं नको मला,” ती म्हणाली. “झाडलोटीला कोण आहे तुमच्याकडे?”